कोल्हापुरात दीड दिवस खायचं तर: कुठं, कधी आणि कोणत्या क्रमानं

"कोल्हापूर भारीच, पण तिखटानं हाल झाले." बाहेरून येऊन गेलेल्या पाहुण्यांचं हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मी फक्त एवढंच विचारतो, काय काय आणि किती वाजता खाल्लं? उत्तर ठरलेलं असतं. रात्रभर प्रवास, उपाशीपोटी देवळाची रांग, साडेअकराला मिसळ, तीही सगळा कट (मिसळीवरचा पातळ तिखट रस्सा) एकदम ओतून, दीड वाजता मटण ताट, पाचला भेळ आणि रात्री नऊला गंगावेशीत दूध. जागा सगळ्या बरोबर निवडलेल्या असतात, क्रम तेवढा चुकतो. कोल्हापूरचं खाणं सोसायचं नसतं. ते एकामागोमाग एक, मध्ये पोटाला वेळ देऊन खाल्लं की तिखट आपोआप बेतात येतं.

खालचा बेत दीड दिवसाचा आहे. एका दिवसात उरकायचं असेल तर आठवी पायरी सोडून द्या, तिसरी आणि पाचवी मात्र सोडू नका.

## १. आधी वार ठरवा, मग गाडीचं तिकीट काढा

बहुतेक जण सुट्टी बघून निघतात. खाण्यासाठी येणार असाल तर वार बघून निघा.

इथल्या घरांत मटणाचे वार म्हणजे बुधवार आणि रविवार. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी बरीच घरं पाळतात. मंगळवार-शुक्रवार हे अंबाबाईचे वार, त्या दिवशी देवळात गर्दी जास्त. श्रावणात आणि नवरात्रात तर निम्मं गाव मटणाला शिवत नाही. हॉटेलं तेव्हाही चालू असतात, पण ज्या दिवशी गावच खातं त्या दिवशी मटण ताजं येतं, रस्सा सतत उकळता राहतो आणि वाढपी हात आखडत नाहीत.

माझा सल्ला बुधवारचा. रविवारी मटण उत्तम मिळतं, पण मिसळीच्या दारात तासभर उभं राहावं लागतं आणि पुढचं सगळं वेळापत्रक घसरतं. मंगळवारी रात्री मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेस धरली तर ती सकाळी सातच्या पुढेमागे कोल्हापुरात पोचते. पुण्याहून रस्त्यानं सुमारे 230 किलोमीटर आहे. पहाटे निघण्यापेक्षा आदल्या दिवशी संध्याकाळी येऊन झोपा, सकाळ मोकळी मिळते.

मुक्कामाची खोली बिंदू चौक, भवानी मंडप, महाद्वार रोड या पट्ट्यात घ्या. देऊळ, खासबाग, पापाची तिकटी आणि तिथून पुढं गंगावेश हे सगळं पायी होतं. या बेतात चालणं हा जेवणाइतकाच महत्त्वाचा भाग आहे.

निघण्यापूर्वी बघा: ज्या दुकानांत जायचं ठरवलंय त्यांची साप्ताहिक सुट्टी फोन करून विचारून घ्या. एकादशी किंवा संकष्टी येते का, तेही कॅलेंडरात पाहा.

## २. आदल्या रात्री पोट हलकं ठेवा

मुगाची खिचडी, ताक-भात, दही-पोहे असं काहीतरी. वाटेतल्या धाब्यावर "अस्सल कोल्हापुरी" अशी पाटी दिसली तरी थांबू नका. महामार्गावर एकदा मी असाच थांबलो होतो. रश्श्यानं बोटं लाल झाली आणि ती साबणानंही जाईनात. मिरचीचा रंग असा चिकटून बसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा मिसळीकडं बघायचाही धीर झाला नाही. सगळा बेत त्या एका ताटानं बुडाला.

## ३. मिसळ: सकाळी साडेआठ ते साडेनऊ

मिसळ हा इथं नाश्ता आहे. दुपारी बारानंतर मिसळ खाणं म्हणजे पुढच्या जेवणाची वाट लावणं. शिवाय नावाजलेल्या ठिकाणी दुपारपर्यंत माल संपलेला असतो.

कुठं: उद्यमनगरातली फडतरेंची, कसबा बावड्याची बावडा मिसळ, खासबागची मिसळ, चोरगेंची मिसळ. ही चारही नावं गावात कुणालाही विचारा, रस्ता सांगतील. प्रत्येकीचा कट वेगळा, आणि कोणती भारी यावर इथं घराघरांत वाद आहेत. मुक्कामाजवळची एक निवडा. एका सकाळी दोन मिसळी खाऊन तुलना करायला जाऊ नका. दुसरीची चव कळत नाही, पहिलीचीच जळजळ कळते.

ताटात काय येतं: खाली मटकीची उसळ, कुठं बटाट्याची भाजी किंवा पोहे, वर फरसाण-शेव, कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड. सोबत कट. आणि पावाऐवजी बहुतेक ठिकाणी स्लाइस ब्रेड. ब्रेड बघून "पाव नाही का?" असं विचारणारे पुष्कळ. ब्रेडच बरा, तो कट जास्त शोषतो.

खायची रीत:

1. बसल्या बसल्या सांगा, "मामा, कट वेगळा द्या." बऱ्याच ठिकाणी तो वेगळा येतोच.
2. आधी कोरडाच एक घास घ्या. मीठ-मसाला कुठपर्यंत आहे ते कळतं.
3. कट वाटीतून चमच्यानं ढवळून घ्या. तर्री वर तरंगते, मसाला तळाशी बसतो. न ढवळता ओतला तर पहिला घास नुसत्या तेलाचा आणि शेवटचा नुसत्या तिखटाचा येतो.
4. ताटाच्या एका कडेला दोन पळ्या कट घाला. तेवढाच भाग खा. मग पुढचा. सगळं एकदम भिजवलं की पाच मिनिटांत फरसाणाचा लगदा होतो.
5. मिसळ अर्धी संपल्यावर लिंबू पिळा. सुरुवातीलाच पिळलं तर कटातली भाजलेल्या खोबऱ्याची चव दबते.
6. कट संपला तर मागा. लाजू नका, तो द्यायलाच ठेवलेला असतो.

जपून: तोंड पेटलं की लोक गटागटा पाणी पितात. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतो. म्हणून पाण्यानं आग तोंडभर पसरते. वाटीभर दही शेजारी ठेवा, किंवा कोरड्या ब्रेडचा तुकडा चघळा.

मिसळीवर चहा घेतल्याशिवाय ज्यांचं चालत नाही त्यांनी अर्धा तास थांबून घ्यावा. मी घेत नाही.

## ४. मधले चार तास

आता देवळात जा. अंबाबाईचं दर्शन मटणाच्या जेवणाआधी उरकायचं ही इथली रीत आहे, आणि ती पोटाच्याही सोयीची आहे. उपाशीपोटी दर्शन घ्यायची ज्यांची पद्धत आहे त्यांनी दुसऱ्या दिवशी पहाटे जावं. देऊळ पहाटेच उघडतं आणि तेव्हा रांगही कमी असते.

दर्शनानंतर भवानी मंडपातून बिंदू चौकाकडं चाला. वाटेत भजी दिसतील, वडा दिसेल, कटवडा दिसेल. कटवडा छान असतो, पण आज नाही. दोन वेळच्या कटानंतर दुपारच्या रश्श्याला जागा राहत नाही. तहान लागली तर रसवंतीवर उसाचा रस घ्या, बर्फ न घालता.

पडताळा: एक वाजता खरोखर भूक लागली आहे का? नसेल तर दीडपर्यंत थांबा. भुकेशिवाय पांढरा रस्सा नुसता जड लागतो.

## ५. तांबडा-पांढरा: दुपारचं जेवण

दीड दिवसातली ही सर्वांत मोठी गोष्ट, आणि सर्वांत जास्त चुका इथंच होतात.

दुपारीच का: मटण सकाळी येतं, आळणी सकाळी चढते. दुपारचा रस्सा त्या दिवसाचा पहिला असतो. रात्री तोच पुन्हा पुन्हा तापवलेला असू शकतो. आणि एवढं जेवून झोपायला जाणं कुणालाच मानवत नाही.

कुठं: पद्मा गेस्ट हाऊस, ओपल, पारख, देहाती ही नावं बाहेरच्यांनाही माहीत आहेत आणि पहिल्यांदा येणाऱ्यानं यांपैकी एक गाठावं. गल्लीबोळातल्या घरगुती खानावळीही उत्तम असतात, पण तिथं कुणीतरी गाववाला सोबत हवा. कुठंही गेलात तरी दाराशी दोन गोष्टी बघा. शेजारच्या टेबलावर घरातली वडीलधारी मंडळी, बायकापोरं जेवताहेत का? आणि वाढपी रस्सा वाफाळता फिरवतोय का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर बसा.

आधी हे समजून घ्या. दोन्ही रश्श्यांची आई एकच, ती म्हणजे आळणी. बोकडाचं मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून भरपूर पाण्यात शिजवतात, त्या पाण्याला आळणी म्हणतात. आमच्याकडं लहान पोरांना आणि आजारी माणसाला आधी तीच वाटीभर देतात. त्यातली काही आळणी बाजूला काढून तिच्यात नारळाचं दूध, खसखस, काजू किंवा तीळ यांचं वाटण घातलं, वर दालचिनी-वेलची-मिरीची फोडणी बसली की पांढरा रस्सा होतो. उरलेलीत कांदा-लसूण चटणी आणि भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं वाटण गेलं की तांबडा. म्हणजे पांढरा हा तांबड्याचा उतारा म्हणून आलेला नाही, दोघं एकाच पातेल्यातले भाऊ आहेत. खोबऱ्या-काजूच्या स्निग्धपणामुळं पांढऱ्यानं तोंड शांत होतं, एवढं खरं.

माझी आत्या पांढरा करताना चुलीपुढून हलत नसे. नारळाचं दूध घातल्यावर आच अगदी मंद, आणि पळी एकाच दिशेनं. उकळी फुटू द्यायची नाही, कडेला बारीक बुडबुडे दिसले की पातेलं खाली. एकदा मी आगाऊपणानं जाळ मोठा केला आणि रस्सा फाटला. पाणी वेगळं, खोबरं वेगळं. आत्या काही बोलली नाही. तिनं आळणीचं दुसरं पातेलं चढवलं आणि पुन्हा नारळ खवायला बसली. तेव्हापासून ताटात पांढरा आला की मी आधी वाटीच्या कडेला बघतो. कडेला दाणेदार कणी दिसली तर तो उकळलेला आहे. सायीसारखा एकसंध असेल तर आत कुणीतरी चुलीपाशी उभं आहे.

जेवायची रीत:

1. ताट आलं की भाकरीला हात लावण्याआधी पांढऱ्याचे दोन घोट प्या. वाटी तोंडाला लावूनच. चमचा नको. रस्सा इथं प्यायचा असतो.
2. मग ज्वारीची भाकरी आणि सुकं. भाकरी-चपातीत निवड असेल तर भाकरीच घ्या. सुक्याचा मसाला तिला धरतो, चपातीवरून घसरतो.
3. दोन-तीन घासांनी तांबड्याचा एक घोट. पहिलाच घोट तांबड्याचा घेतला की ठसका लागतो, आणि पुढचं जेवण भीतभीत होतं.
4. भाकरी तांबड्यात कुस्करून खायची तर शेवटची अर्धी. पहिलीच कुस्करली तर सुक्याला काही उरत नाही.
5. रश्श्यावर चरबीचा थर धरायला लागला की तो गार झालाय. वाटी पुढं करा, "जरा गरम घाला" म्हणा. बहुतेक ठिकाणी रस्सा पोटभर वाढतात.
6. भात शेवटी, आणि तो थोडा. अर्धा तांबड्याशी, अर्धा पांढऱ्याशी. दोन्ही एकत्र कालवणारेही आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण पहिल्या वेळी वेगवेगळे खा, नाहीतर कोणता कसा होता तेच कळत नाही.

जपून: तांबड्याचा लाल म्हणजे तिखटच असं नाही. रंग ब्याडगी मिरचीचा असतो, तिखटपणा आणि वास जवारी संकेश्वरी मिरचीचा. चांगला तांबडा दिसतो त्यापेक्षा कमी तिखट लागतो आणि मागाहून घशाला उबदार जाणवतो. नुसती जीभ भाजत असेल आणि खोबऱ्या-कांद्याची चव लागतच नसेल, तर स्वयंपाकी मिरचीची पूड घालून मोकळा झालाय. तिथं दुसरी वाटी मागू नका.

सोबत खिमा, वजडी, रक्ती, मुंडी असं काही वेगळं मिळत असेल आणि तुम्ही खात असाल, तर एकच घ्या आणि चौघांत वाटा. ताटावर ताट मागवायचा मोह होतो, आणि मग शेवटचा पांढरा राहून जातो. तो राहू देऊ नका.

जेवणावर कोल्ड्रिंक नको. सोलकढी किंवा ताक घ्या, मग खोलीवर जाऊन दोन तास आडवे व्हा.

## ६. शाकाहारी असाल तर

हॉटेलच्या यादीतली "व्हेज कोल्हापुरी" मागवू नका. ती हॉटेलवाल्यांची भाजी आहे, इथल्या कुठल्याच घरात ती शिजत नाही. दुपारी अख्खा मसूर आणि भाकरी घ्या. किंवा गाडी असेल तर सरळ पन्हाळ्याला जा, सुमारे 20 किलोमीटर. गडावर बायका झुणका-भाकरी, खर्डा, कांदा आणि घट्ट दही देतात. खर्डा म्हणजे हिरव्या मिरचीचा, तव्यावर रगडलेला. तो नखाएवढाच घ्या, दह्यात बुडवा, मग भाकरीला लावा. जेवणाच्या वेळेला पोचायचं तर साडेअकराला निघा.

## ७. संध्याकाळ: खासबाग आणि रंकाळा

साडेपाचच्या आत बाहेर पडू नका. पोटात अजून रस्सा असतो.

खासबागेत राजाभाऊंची भेळ. भेळीची चूक एकच होते. लोक पुडा घेऊन फोटो काढत रंकाळ्यापर्यंत नेतात. चिंचेचं पाणी पडल्यापासून भेळेचं आयुष्य चार-पाच मिनिटांचं. तिथंच उभं राहून खा. पुढं न्यायचीच असेल तर सुकी मागा. तिखट कमी हवं तर आधी सांगा, कालवल्यावर सांगून उपयोग नाही.

मग रंकाळ्यावर एक लांब फेरी. चौपाटीवर भाजलेलं कणीस मिळालं तर घ्या, बाकी गाड्यांकडं मी वळत नाही.

रात्रीच्या जेवणाऐवजी आइस्क्रीम कॉकटेल. नाव ऐकून दचकू नका, त्यात दारू नसते. फळांचे तुकडे, जेली, सुकामेवा, दाट दूध आणि वर आइस्क्रीम, उंच ग्लासात. सोळंकींचं नाव त्यासाठी सगळ्यांना माहीत आहे. एक ग्लास दोघांत पुरतो.

जपून: भेळेनंतर त्याच संध्याकाळी गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला जाऊ नका. पोटात चिंच-लिंबू आणि वरून ग्लासभर कच्चं दूध, ही पाहुण्यांची सगळ्यात महागात पडणारी चूक.

## ८. दुसऱ्या दिवशी पहाटे: गंगावेशीतला दूध कट्टा

रिकाम्या पोटी, उजाडता उजाडता जा. म्हशी कट्ट्यावर उभ्या असतात, तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसाळलेला ग्लास हातात येतो. तो कोमट असतो, म्हशीच्या अंगाची ऊब त्यात असते. फेसासकट, सावकाश प्या. साखर मागू नका.

पण एक गोष्ट मनापासून सांगतो. हे दूध उकळलेलं नसतं. कच्च्या दुधातून जंतुसंसर्ग होऊ शकतो. गरोदर बायका, लहान मुलं, वयस्कर माणसं, किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांनी ते पिऊ नये. त्यांच्यासाठी भांडं घेऊन जा, दूध विकत घ्या आणि उकळून द्या. ज्याला एरवी दूध पचत नाही त्यानंही इथं धाडस करू नये. कट्टा बघण्यातही मजा आहे.

प्यालात तर पुढचे दोन तास काही आंबट-तिखट नको. कालचा राहिलेला कटवडा दहानंतर खा, आणि एकच.

## ९. निघताना काय न्यायचं

कांदा-लसूण चटणी. इथं चटणी म्हणजे मसाल्याचं तिखट, ओली चटणी नव्हे. डंकावर कुटलेली आहे का ते विचारा. चिमूटभर तळहातावर घेऊन चोळा. भाजलेल्या खोबऱ्या-लसणाचा वास आधी आला पाहिजे, मिरचीचा नंतर. गोळे झालेले दिसले किंवा खवट वास आला तर नको. उन्हाळ्यात घराघरांत चटण्या होतात, तेव्हा ताजी मिळते. घरी गेल्यावर कोरड्या काचेच्या बरणीत दाबून भरा, चमचा कधी ओला घालू नका, आणि मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत फ्रिजमध्ये ठेवा.

गूळ. दिवाळीनंतर मार्चपर्यंत गुऱ्हाळं चालू असतात, तेव्हाच घ्या. शाहू मार्केट यार्डात मोठे रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, दिसतील, घरासाठी किलोचा रवा पुरे. पिवळाधमक बघून भुलू नका, तो उजळपणा बऱ्याचदा रसात हायड्रॉस ही रंग उजळवणारी रासायनिक पावडर घातल्यानं येतो. तांबूस-तपकिरी रवा निवडा, कोपरा मोडून जिभेवर ठेवा. खारट लागला तर परत ठेवा.

चटणी आणि गूळ एका पिशवीत भरू नका. गूळ वास ओढतो, आणि घरी पोचेपर्यंत चहाला लसणाचा वास यायला लागतो. चटणीची पिशवी दुहेरी बांधा, गूळ वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात ठेवा. गाडीत डबा सीटखाली सरकवा, खिडकीच्या उन्हात ठेवला तर पुण्यापर्यंतच पाझरतो.